हातभर कोरी भिंत

कडव्या वालांचं बिरडं सोलायला मला शेजारच्या आजींनी शिकवलं. अलिबागला आमचं घर इस्राएल आळीच्या तोंडाशी होतं आणि आजींची पडवी दोन घरं टाकून पलीकडे. भिजवून, फडक्यात घट्ट बांधून मोड आणलेले वाल कोमट पाण्याच्या पातेल्यात पडलेले असायचे. एकेक उचलायचा, अंगठ्यानं हलकेच दाबायचा, की दाणा मोडासकट सुळकन बाहेर येतो आणि साल चिमटीत उरते. घाई केली की मोड तुटतो. "तुटलेलं वेगळं ठेव," आजी म्हणायच्या. "टाकू नको, पण वेगळं ठेव."

बाहेर पाऊस धो धो लागलेला. कौलांवरून पडणारी धार पडवीच्या कडेला खळगा करत होती. आजींनी आदल्या संध्याकाळपासून तोंडात पाण्याचा थेंबही घातला नव्हता.

"आजी, आज कसला उपास?"

"आज बिरड्याचा सण."

"सण आणि उपास?"

"आमचं मंदिर पडलं ना, त्या दिवसाचा. यरुशलेमचं."

"मग पुन्हा नाही बांधलं?"

"बांधलं की. पुन्हा पडलं. तिथीसुद्धा तीच."

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. पडलेल्या मंदिरासाठी उपास धरणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. आमच्याकडे देव जन्मल्याचे उपास होते, रामनवमी, गोकुळाष्टमी. मंदिर पडल्याचा एकही नव्हता. संध्याकाळ उलटून चांदण्या दिसायची वेळ झाली की आजी जमिनीवर बसून केळीच्या पानावर बिरडं-भात घेत. मलाही एक पान मिळे.

पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं की आजी शब्दाला पक्क्या होत्या. शलमोन राजानं बांधलेलं पहिलं मंदिर बाबेलच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या, सैन्यानं इ.स.पू. ५८६ मध्ये जाळलं, दुसरं रोमनांनी इ.स. ७० मध्ये, आणि ज्यू परंपरा दोन्हीची आठवण एकाच दिवशी काढते, अव महिन्याच्या नवव्या दिवशी. त्यांचे महिने आपल्यासारखेच चंद्रावर चालतात, मधूनमधून अधिक महिनाही धरतात. त्यामुळे ही नववी आपल्या आषाढ-श्रावणातल्या शुद्ध नवमीच्या आगेमागेच येते. जगभरचे ज्यू या दिवसाला तिशा बआव म्हणतात. कोकणातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे आजींच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजानं, त्याला ताटातल्या पदार्थाचं नाव दिलं.

आजींचं ते "बांधलं की, पुन्हा पडलं" माझ्या मनात राहून गेलं. बांधलं म्हणजे कसं बांधलं? पडलेलं पुन्हा उभं करताना या लोकांनी नेमकं काय सांभाळलं?

पहिलं मंदिर पडल्यावर बाबेलला नेलेल्या आणि त्या वनवासातून परतलेल्या लोकांची हकिगत बायबलातल्या एज्राच्या पुस्तकात आहे. इराणच्या सायरस राजानं, मराठी बायबलातल्या कोरेशनं, इ.स.पू. ५३८ च्या सुमारास त्यांना घरी परतायची आणि मंदिर बांधायची परवानगी दिली. परतलेल्यांनी पाया घातला. याजक कर्णे घेऊन उभे राहिले, मंदिराची सेवा करणारे लेवी झांजा वाजवू लागले, तरुण मंडळी आनंदानं आरोळ्या ठोकू लागली. आणि त्याच गर्दीत जी म्हातारी माणसं होती, ज्यांनी पहिलं मंदिर डोळ्यांनी पाहिलं होतं, ती मोठमोठ्यानं रडू लागली. आवाज इतका झाला की दूरवर ऐकू गेला, पण त्यातलं रडणं कुठलं आणि आनंद कुठला हे कुणाला ओळखता येईना.

या जागी मी दर वेळी थांबते. पायाभरणीची इतकी खरी हकिगत मी दुसरीकडे वाचलेली नाही. लिहिणाऱ्याला म्हाताऱ्यांचं रडणं गाळता आलं असतं. शुभकार्यात अपशकुन नको, असं आपल्याकडे कुणीतरी म्हणालंच असतं. त्यानं ते गाळलं नाही आणि म्हाताऱ्यांना गप्पही बसवलं नाही. पुढे रखडलेलं काम पुन्हा सुरू झालं तेव्हा हाग्गय संदेष्ट्यानं लोकांना तोंडावरच विचारलं, या घराचं पूर्वीचं वैभव पाहिलेलं तुमच्यात कोण उरलं आहे? आता हे तुम्हाला कसं दिसतं, काहीच नसल्यासारखं दिसतं ना? अशा प्रश्नानंतरही लोकांनी काम सोडलं नाही आणि इ.स.पू. ५१६ च्या सुमारास मंदिर पुरं झालं.

पुरं झालं, पण भरलं नाही. पहिल्या मंदिराच्या सगळ्यात आतल्या दालनात, परमपवित्रस्थानात, कराराचा कोश होता. मोशेला देवाकडून मिळालेल्या दहा आज्ञांच्या दगडी पाट्या त्यात ठेवलेल्या. तो कोश बाबेलच्या धामधुमीत गेला तो गेलाच. दुसरं मंदिर बांधणाऱ्यांनी त्याची प्रतिकृती केली नाही. दालन बांधलं, पडदा लावला, आणि आत काही ठेवलं नाही. मिश्ना, म्हणजे ज्यू धर्मनियमांचा जुना संग्रह, सांगते की कोशाच्या जागी जमिनीतून तीन बोटं वर आलेला एक खडक होता, पायाचा दगड म्हणायचे त्याला. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, प्रमुख याजक धुपाटणं घेऊन त्या रिकाम्या खोलीत जायचा आणि ते त्या दगडावर ठेवायचा. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे तिथे घुसला. या लोकांचा देव कसा दिसतो ते त्याला बघायचं असावं. आत मूर्ती नव्हतीच, कोशही नव्हता.

सुमारे सहाशे वर्षं हे लोक एका रिकाम्या खोलीभोवती मंदिर चालवत राहिले. जे परत येणार नव्हतं त्याची जागा त्यांनी दुसऱ्या कशानं भरून काढली नाही.

मधल्या काळातली आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटते. इ.स.पू. १६४ मध्ये मक्काबी नावाच्या ज्यू भावांनी ग्रीक राजाच्या ताब्यातून मंदिर सोडवलं. हनुक्का सण त्याचाच. आत येऊन बघतात तो अंगणात झाडोरा माजलेला, दारं जळालेली आणि वेदी बाटवलेली. तिच्यावर परक्या देवाला बळी दिले गेले होते. ती वापरता येईना. पण ते दगड एकेकाळी पवित्र होते, मग फेकायचे तरी कसे? त्यांनी वेदी उतरवली, नवी बांधली, आणि जुने दगड डोंगरावर एका योग्य जागी रचून ठेवले. कुणी संदेष्टा येऊन यांचं काय करायचं ते सांगेपर्यंत हे इथेच राहतील, असं ठरलं. हे वाचलं तेव्हा मला पातेल्याशेजारची ती वाटी आठवली, तुटक्या मोडांची.

हेरोद राजानं पुढे तेच दुसरं मंदिर नव्यानं आणि भव्य बांधायला काढलं, इ.स.पू. २० च्या आसपास. लोक आनंदण्याऐवजी घाबरले. हा जुनं पाडणार आणि नवं पुरं करू शकला नाही तर? योसेफस हा त्या काळाचा इतिहासकार सांगतो की हेरोदानं लोकांना शब्द दिला, सगळं सामान तयार झाल्याशिवाय एक दगड हलवणार नाही. दगड वाहायला हजार गाड्या, दहा हजार कसलेले कारागीर. शिवाय आतल्या भागात इतरांना पाऊल टाकता येत नसे, म्हणून हजार याजकांना गवंडीकाम आणि सुतारकाम शिकवलं. हेरोद क्रूर होता, त्यानं स्वतःच्या मुलांनाही मारलं. तरी तलमूदमध्ये, मिश्नेवरच्या विद्वानांच्या चर्चांच्या ग्रंथात, त्याच्या बांधकामाचं कौतुक मोकळ्या मनानं केलंय. संगमरवराचे थर एक आत, एक बाहेर असे बसवलेले. त्याला वरून सोनं चढवायचं होतं. विद्वान म्हणाले, राहू दे, असंच छान दिसतंय, समुद्राच्या लाटांसारखं.

लोकांच्या त्या भीतीचा पुढे धर्मनियम झाला. तलमूदमध्ये म्हटलंय, दुसरं प्रार्थनास्थळ उभं राहिल्याशिवाय पहिलं पाडू नये. आणि मग त्यांच्या रीतीप्रमाणे उलटतपासणी सुरू होते. पैसे जमले असतील तर? तरी नाही. मध्येच कुणा कैद्याला सोडवायची वेळ आली तर तो पैसा तिकडे जाईल, आणि जायलाच हवा. विटा रचून ठेवल्या असतील, तुळया तासून तयार असतील तर? तरी नाही, माणसाच्या सुटकेसाठी त्याही विकल्या जातील. मग तर बांधून झालेली वास्तूसुद्धा विकतील! नाही, राहतं घर कुणी विकत नाही.

या चार ओळींत माणसाचा स्वभाव किती कळलेला आहे. आपल्याला उत्साह येतो आणि तो टिकत नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. आणि प्रार्थनास्थळाच्या पैशावर पहिला हक्क कैदेत पडलेल्या माणसाचा, यात त्यांना वाद घालण्यासारखंही काही वाटत नाही.

आमच्या वाडीतलं मारुतीचं छोटं देऊळ मला इथे आठवल्याशिवाय राहत नाही. जीर्णोद्धार म्हणून ते एका फेब्रुवारीत पाडलं. पावसाआधी पुरं करू, असं ठरलं होतं. मग वर्गणीवरून दोन गट झाले, ठेकेदार काम अर्धवट सोडून गेला, आणि मारुतीराया अकरा पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये बसले. माझे वडील रोज सकाळी त्या शेडपुढे छत्री धरून उभे राहायचे. नवं देऊळ झालं तेव्हा ते नव्हते.

नियमाला एक अपवाद आहे. भिंतींना तडे गेले असतील, वास्तू धोक्याची झाली असेल, तर आधी पाडायला हरकत नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बाबेलच्या भूमीत माता मेहास्या नावाच्या गावी राव आशी हे फार मोठे विद्वान होते. बाबेली तलमूदच्या संकलनाचं श्रेय परंपरा ज्यांना देते ते हेच. त्यांना गावातल्या प्रार्थनास्थळाला तडे दिसले. त्यांनी ते उतरवलं. आणि मग स्वतःची खाट उचलून तिथे आणून टाकली. ऊन-पावसात तिथेच झोपायचे. बांधकाम पुरं होऊन वरच्या पन्हळी बसेपर्यंत त्यांनी खाट हलवली नाही.

पन्हळी! भिंती झाल्या, छप्पर झालं, उद्घाटन उरकलं की आपण मोकळे होतो. पन्हळ शेवटी लागते, आणि ती लागली नाही तर पहिल्याच पावसात भिंतीत पाणी मुरतं. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

इ.स. ७० मध्ये दुसरं मंदिर गेलं आणि त्यानंतर ते आजवर उभं राहिलेलं नाही. चौथ्या शतकात, ३६३ साली, जूलियन या रोमन सम्राटानं ते बांधायला काढलं होतं. काम सुरू होऊन थांबलं आणि त्याच वर्षी तो लढाईत मारला गेला. सातव्या शतकाच्या अखेरीपासून त्या डोंगरावर सोनेरी घुमटाची इस्लामी वास्तू आहे, शेजारी अल-अक्सा मशीद आहे. ज्यू माणूस दिवसातून तीनदा मंदिर पुन्हा उभं राहावं अशी प्रार्थना करतो. पण ते मसीहाच्या, म्हणजे पुढे येणाऱ्या तारणहाराच्या, काळी व्हायचं, आपण हात घालायचा नाही, असं बहुतेक धर्मगुरू मानतात. त्या डोंगरावर पाऊलही ठेवू नये, असा फलक इस्रायलच्या मुख्य रब्बीमंडळानं, म्हणजे धर्मगुरूंच्या मंडळानं, लावलेला आहे. आताच बांधू म्हणून तयारीला लागलेले गटही आहेत. या जागेवरून आजही माणसं मरतात. तिच्याबद्दल सैलपणानं लिहायचं धाडस मला होत नाही. मला लिहायचंय ते मंदिर गेल्यानंतर लोकांनी काय केलं त्याबद्दल.

तलमूद सांगते, मंदिर पडल्यावर काही जणांनी मांस आणि द्राक्षारस सोडला. वेदीवर जे वाहत होतो ते आता वाहता येत नाही, मग आम्ही कसं खाऊ? रब्बी यहोशुआ त्यांच्याजवळ जाऊन बसले. मग भाकरीही सोडा, धान्याचं अर्पणही थांबलंय. फळं सोडा. पाणीही सोडा, तेही वेदीवर ओतत होते. मंडळी गप्प झाली. तेव्हा ते म्हणाले, मुलांनो, अजिबात शोक न करणं शक्य नाही आणि फार शोक करणंही शक्य नाही. घराला गिलावा करा. पण थोडी जागा सोडा.

ती थोडी जागा किती, तेही ठरलं. एक अम्मा लांब, एक अम्मा रुंद. दारातून आत शिरल्यावर समोर दिसेल अशी.

पडक्या प्रार्थनास्थळाबद्दल मिश्नात याहून लहान आणि याहून धारदार नियम आहे. ते पडलं तरी त्याचं पावित्र्य जात नाही. तिथे दोर वळू नका, जाळी पसरू नका, छपरावर फळं वाळत घालू नका, जवळची वाट म्हणून त्यातून जाऊ नका. आणि आत गवत उगवलं तर उपटू नका. का? जीवाला लागावं म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्याला गवत दिसू दे, त्याच्या काळजात कळ येऊ दे. साफसफाई करून पडझड बघण्यासारखी केली, की ती तशीच राहते.

२०१६ मध्ये मी पहिल्यांदा यरुशलेमला गेले. आजींची नात माझ्या बरोबरीची. लहानपणी आम्ही त्याच पडवीत सागरगोटे खेळलो. ती आता इस्रायलमध्ये अश्दोदला असते, तिनंच मला नेलं. जुन्या शहराच्या ज्यू भागात, गल्ल्यांच्या मधोमध एक चौक आहे आणि त्याच्या कडेला पांढरा घुमट. त्या प्रार्थनास्थळाचं नाव हुर्वा. हुर्वा म्हणजे पडकं, ओसाड पडलेलं.

१७०० साली पोलंडहून यहुदा हासिद नावाचे धर्मगुरू शेकडो अनुयायांना घेऊन इथे आले आणि आल्यावर काही दिवसांतच वारले. अनुयायांनी कर्ज काढून बांधकाम सुरू केलं. कर्ज फिटेना. वीसेक वर्षांनी सावकारांनी ते जाळलं आणि लोकांना हुसकावलं. जागा पडून राहिली, आणि लोक तिला "यहुदा हासिदांचं पडकं" म्हणू लागले. दीडेकशे वर्षांनी, १८६४ मध्ये, तिथे नवं उंच प्रार्थनास्थळ पुरं झालं. सुलतानाच्या वास्तुविशारदानं आराखडा केलेला, रॉथशिल्डांपासून बगदादच्या श्रीमंत ज्यूंपर्यंत अनेकांचा पैसा लागलेला. कागदोपत्री नाव ठेवलं बेत याकोव्ह. पण ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. नवीकोरी इमारत, शहरातला सगळ्यात देखणा घुमट, आणि नाव हुर्वाच.

या वर्गणीसाठी यरुशलेमच्या लोकांनी याकोव्ह सापीर नावाच्या माणसाला जगभर पाठवलं होतं. येमेन पालथं घालून तो हिंदुस्थानात आला, पुढे पार ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. हुर्वाच्या घुमटासाठी झोळी फिरवणारा हा माणूस १८६० च्या आगेमागे मुंबईत होता, हे मला घरी परतल्यावर वाचताना कळलं. योगायोग असा की त्याच सुमारास मांडवीत बेने इस्राएलांची पहिली मशीद नव्या जागी उभी राहत होती. हो, मशीदच. आपल्या प्रार्थनास्थळाला बेने इस्राएल मराठीत मशीदच म्हणत आले आहेत. ही पहिली मशीद १७९६ मध्ये समाजी हसाजी दिवेकरांनी बांधली. ते कंपनी सरकारच्या पलटणीत होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले होते. सुटलो तर प्रार्थनास्थळ बांधीन, असा त्यांनी नवस केल्याचं सांगतात. सुटले आणि बांधलं. तिचं आजचं नाव शार हारहमीम, म्हणजे दयेचं दार. आधी कैद्याची सुटका, मग विटा. तलमूदमधल्या विद्वानांना दिवेकरांची गोष्ट आवडली असती.

हुर्वा १९४८ पर्यंत उभं होतं. त्या मे महिन्यात जुन्या शहरासाठी लढाई चालू असताना जॉर्डनच्या सैन्यानं, अरब लीजननं, ते सुरुंगानं उडवलं. दुसऱ्या दिवशी ज्यू वस्ती शरण गेली आणि तिथल्या लोकांना घरं सोडावी लागली. १९६७ च्या युद्धात जुनं शहर इस्रायलकडे आलं. तेव्हा मंदिराच्या आवाराच्या उरलेल्या पश्चिमेच्या भिंतीसमोरची मघरिबी, म्हणजे मूळ उत्तर आफ्रिकेतल्या, मुसलमानांची जुनी वस्ती पाडून मोठं पटांगण केलं गेलं. ती घरंही पुन्हा उभी राहिली नाहीत. पुन्हा बांधण्याविषयी लिहिताना ती वस्ती वगळणं मला जमणार नाही.

हुर्वाचं काय करायचं, हा वाद चाळीसेक वर्षं चालला. लुई कान यांनी १९६८ मध्ये आराखडा दिला. अहमदाबादच्या आयआयएममधल्या विटांच्या कमानी ज्यांनी बांधल्या तेच हे कान. त्यांचं म्हणणं होतं, भग्नावशेष जसे आहेत तसे बागेसारखे राहू द्या आणि नवं प्रार्थनास्थळ शेजारी उभं करा. ते झालं नाही. १९७४ मध्ये अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात कान वारले. १९७७ मध्ये, काहीच ठरत नाही म्हणून, घुमट पेलणाऱ्या चार कमानींपैकी एक तेवढी बांधली. नुसती कमान, वर आकाश. तीसेक वर्षं ती तशीच होती. शेवटी जुनं होतं तसंच हुबेहूब बांधायचं ठरलं, आणि मार्च २०१० मध्ये आजचं हुर्वा खुलं झालं. त्या दिवसांत शहरात पॅलेस्टिनींची निदर्शनंही झाली.

मी कमानीचे फोटो बघून गेले होते. खरं सांगते, आत शिरल्यावर माझा हिरमोड झाला. सगळं फार नवं, फार पांढरं होतं. त्या एकट्या कमानीत जे होतं ते इथे बुजवून टाकलंय, असं वाटलं. मी मैत्रिणीला तसं म्हणालेही. ती काही बोलली नाही, मला भिंतीजवळ घेऊन गेली. जुन्या इमारतीच्या भिंतींचे जे तुकडे उरले होते ते नव्या भिंतींत तसेच सामावून घेतलेत. तिनं एका दगडावर बोट टेकवलं. बाजूचा दगड गुळगुळीत, फिका. हा मात्र काळवंडलेला आणि कडा झिजलेल्या. दोघांमधल्या सांध्यावरून बोट फिरवलं की कळत होतं, इथवर जुनं, इथून नवं. सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, ठेवायच्या हेखालासमोर, त्या पवित्र कपाटासमोर, तेव्हा पंधरा-वीस मुलं डुलत डुलत पाठांतर करत होती. त्यांच्या आवाजानं घुमट भरून गेला होता.

"कमानीखाली कुणी शिकत नव्हतं," ती म्हणाली.

माझं मत त्यानं पूर्ण बदललं नाही. कान यांचा आराखडा मला अजूनही जास्त पटतो. पण ज्यांना तिथे रोज सकाळी दहा माणसं जमवून प्रार्थना करायची आहे, त्यांच्यापुढे माझ्या आवडीला फार वजन नाही, एवढं मला कळलं.

बर्लिनला उलटा निर्णय पाहिला. ओरानियनबुर्गर रस्त्यावरचं न्यू सिनेगॉग १८६६ चं, तीन हजारांवर माणसं बसतील एवढं. नोव्हेंबर १९३८ च्या त्या रात्री नाझी जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळत असताना एक पोलीस अधिकारी या दारात आला. ही वास्तू संरक्षित आहे असं सांगून त्यानं आग लावणाऱ्यांना हाकललं आणि बंब बोलावला. पुढे १९४३ मध्ये बॉम्बनी ते पोळलं, आणि १९५८ मध्ये मागचा मोठा सभामंडप पाडून टाकला. १९९५ मध्ये खुलं झालं तेव्हा पुढचा दर्शनी भाग आणि सोनेरी घुमट दुरुस्त केलेला होता. मंडप मात्र मुद्दाम बांधला नाही. आतून चालत गेलं की काचेची भिंत लागते. तिच्यापलीकडे मोकळी जमीन, आणि जमिनीवर दगडांनी आखलेली रेषा, इथपर्यंत भिंत होती, इथे हेखाल होता. मंडप पुन्हा बांधला असता तर तो भरायला माणसं कुठून आणणार होते? ती माणसं नेली गेली आणि परत आली नाहीत. तिथलं गवत कुणी उपटलेलं नाही, असं मनात आलं आणि काचेला टेकून मी बराच वेळ उभी राहिले.

केरळात असं काही घडलं नाही. तिथल्या ज्यूंना कुणी हाकललं नाही, ते आपणहून इस्रायलला गेले. मट्टांचेरीच्या कडवुंभागम प्रार्थनास्थळातलं कोरीव लाकूडकाम नव्वदच्या दशकात उतरवून यरुशलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये पुन्हा जुळवलं. फुलापानांनी भरलेलं ते छत मी तिथे पाहिलं. फार जपलंय. पण दोरी लावलेली आहे, आत बसता येत नाही.

अलिबागची मागेन आबोथ मशीद मूळ १८४८ ची, १९१० मध्ये नव्यानं बांधलेली. ती अजून उभी आहे, रंगवलेली, झाडलेली. कोकणात अशा बऱ्याच आहेत, रेवदंड्याला, पेणला, पनवेलला. गावोगावी दहा पुरुष जमणं मात्र कठीण झालंय. दहा जमले नाहीत तर सामुदायिक प्रार्थना पुरी होत नाही, तोरा बाहेर काढून वाचता येत नाही. आजी सांगायच्या, पूर्वी नववा झाला की कुणीतरी सायकलवर टांग मारून दहाव्याला आणायला धावायचं. मशीद दुरुस्त करायला मुंबईहून, इस्रायलहून पैसे येतात. दहावा माणूस सुट्टीत येतो.

आजी गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलं इस्रायलला, घर विकलेलं. नवे मालक भले आहेत, त्यांनी पडवी तशीच ठेवली. दाराच्या उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, तिरप्या रेषेत दोन खिळ्यांची भोकं आहेत आणि मधे बोटभर लांबीची फिकट खूण. तिथे आजींची मेझुझा होती, धर्मवचनं लिहिलेली गुंडाळी ठेवलेली लहानशी डबी. येता-जाता त्या तिला बोटं लावून ओठांना लावायच्या. चौकटीला दर दिवाळीत रंग लागतो. भोकं बुजलेली नाहीत.

गेल्या वर्षी आषाढात मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं अश्दोदला नवं घर घेतलंय, रंगकाम चालू होतं. मी नेमकी बिरडं सोलत बसले होते. पातेलं बघून ती ओरडली, "अगं, नेम धरून बसलीस की काय? सण चार दिवसांवर आलाय!" मग फोन फिरवून मला घर दाखवू लागली. दाराच्या समोरच्या भिंतीवर रंगाऱ्यानं पेन्सिलीनं चौकोन आखला होता आणि तो वैतागून विचारत होता की एवढाच तुकडा का सोडायचा. तिनं त्याला हिब्रूत काहीतरी समजावलं आणि मला मराठीत विचारलं, "अम्मा म्हणजे किती गं नक्की? पुस्तकात दोन-तीन मापं दिलीत."

"कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत," मी म्हटलं. "आपला हात."

"म्हणजे हातभर?"

"हातभर."

तिनं फोन खिडकीत उभा केला, बाही वर सारली, कोपर पेन्सिलीच्या रेघेवर टेकवलं आणि पंजा भिंतीवर सरळ पसरला. रेघ दोन बोटं अलीकडेच संपत होती. तिनं रंगाऱ्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि बोटाच्या टोकाशी नवी खूण केली.